भिंतीवरचं शेवाळ, शंभर ग्रॅम

डिचोलीच्या बाजारात आमचं रंगाचं दुकान आहे. रंग म्हणजे डब्यातला. भिंतीला, दाराला, गजांना लावायचा. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं, मी नंबर यंत्रात घालतो, यंत्र थेंब मोजून रंग सोडतं. आज नेलेला डबा आणि पुढच्या चवथीला नेलेला डबा यांत फरक पडता कामा नये. पडला तर गिऱ्हाईक तो परत आणून काउंटरवर आपटतं. या शिस्तीत मी वाढलो. आणि माझ्याच घराच्या मागच्या पडवीत वहिनीचा रंगाचाच दुसरा धंदा चालतो. तिथे रंग पुन्हा तसाच येणार नाही, याचे लोक जास्त पैसे देतात.

वहिनी विणकामाची लोकर हाताने रंगवते. पांढऱ्या लडी लुधियानाहून येतात. गोव्यात लोकर कशाला, हे आईने पहिल्याच पार्सलाला विचारून घेतलं. चुकीचं काहीच नाही त्यात. इथे जानेवारीत पहाटे पारा विशीकडे झुकला की आम्ही कानटोप्या शोधायला लागतो आणि त्या सापडेपर्यंत थंडी संपलेली असते. पण वहिनीची गिऱ्हाइकं सिमल्यात, बंगळुरात आणि पुण्यात. त्यांना गोव्याचे रंग हवे असतात. नुसत्या समुद्राचे फोटो काढून परतलेल्या या मंडळींना वहिनी खाजनं म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, मिठागरं, जांभ्या चिऱ्याच्या खाणी आणि मयेचं तळं विकते. समुद्र तिने अजून केलेला नाही. ‘तो सगळेच करतात,’ म्हणते.

कृती ऐकायला सोपी आहे. लड आंबट पाण्यात भिजवायची, पिळायची, टेबलावर प्लास्टिक अंथरून त्यावर पसरायची आणि ब्रशने रंग भरायचे. वीतभर तांबडा, मग शेंदरी, मग मधेच कुठेतरी हिरव्याचं बोट. नंतर प्लास्टिकातच गुंडाळून अर्धा तास वाफवायची. हा रंग लोकरीला धरायचा तर आम्ल आणि आच दोन्ही लागतात. सुताला तो धरतच नाही. वाफ झाली की आपोआप निवू द्यायची. घाई करून गरम लड गार पाण्यात चोळली की लोकर आकसून तिचा नमदा होतो. पात्रात त्या गुंडाळ्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारख्या ओळीने निजलेल्या दिसतात, आणि आमच्या घरातली पहिली ठिणगी तिथेच पडली. रंग शिजवलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नसतं. हा नियम वहिनीने स्वतःच सांगितला, पण आईचं मोठं स्टीलचं पात्र पडवीत गेल्यानंतर. त्या नागपंचमीला पातोळ्या इडलीच्या खळग्यांत वाकवून बसवाव्या लागल्या आणि वाटोळ्या होऊन बाहेर आल्या. दादा मुकाट्याने खात होता. तो कुणाच्या बाजूचा आहे हे मला अजून कळलेलं नाही.

श्रावणातलाच दुसरा प्रकार वासाचा. ओली लोकर वाफेवर चढली की मेंढीचा वास येतो. जणू ती स्वतः पडवीत येऊन उभी आहे. त्यात व्हिनेगर. भर श्रावणी सोमवारी, कडक शिवराक, म्हणजे शाकाहार, पाळणाऱ्या घरातून मेंढी आणि व्हिनेगर यांचा एकत्रित दरवळ वाड्यावर पसरला. शेजारच्या काकी वाटीभर साखर मागायला आल्या आणि साखर घेऊनही स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ रेंगाळल्या. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे चोरून व्हिनेगरातलं मांसाचं विंदालू शिजतं ही बातमी देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. आता वहिनी लिंबूसत्त्व वापरते. मेंढीला पर्याय सापडलेला नाही.

पण माझा खरा छळ साक्षीदाराचा आहे. माल आणायला मी अधूनमधून पणजीला जातो. परत आलो की चपला काढायच्या आधी प्रश्न तयार.

‘भावजी, मांडवी कशी होती आज?’

‘होती की.’

‘रंगाचं विचारतेय.’

‘गढूळ.’

‘गढूळ कसली? तांबूस की करडी? भरती होती की ओहोटी? ऊन कुठल्या बाजूने होतं?’

मी पुलावर ट्रकामागे क्लच धरून बसलेला माणूस. ऊन माझ्या डोळ्यांत होतं, एवढं मला माहीत होतं. तरी धंद्याला स्मरून मी शेडकार्ड उघडलं आणि एक नंबर दाखवला. वहिनीने कार्ड मिटलं. ‘नंबराची नदी नको मला.’ मग घरात सभा भरली. आईच्या मते पावसातली मांडवी जांभळट असते. दादा म्हणाला, पाणी पाण्याच्या रंगाचं असतं. शेवटी वहिनीने जांभळट तपकिरी घोटला, लड रंगवली, वाफवली, आणि रंग फुटला. मिश्रणातला तांबडा आधी धावत जाऊन लोकरीला चिकटला, निळा मागून रेंगाळत आला. तपकिरी राहिला बाजूला, कडेला गुलाबी आणि मधे निळसर वर्तुळं. माझ्या दुकानात असं झालं असतं तर डबा फेकून दिला असता. वहिनीने चिठ्ठी लावली: ‘मांडवी, ओहोटी.’ दुपारपर्यंत विकली गेली.

नावांच्या बाबतीत तिचं धाडस पाहून मी थक्क होतो. ‘बोंडू’ ठीक आहे, काजूच्या बोंडाचा पिवळा आणि लाल कुणालाही पटेल. ‘माटोळी’ही पटते, चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगलेली सुपारीची शिपटी, तोरिंगणं, आंबाडे, रानातली फळं, सगळं एका लडीत. विणल्यावर मात्र हे रंग कुठे गोळा होतील याचा नेम नसतो. एका बाईचा मोजा घोट्यापर्यंत नुसती सुपारी झाला होता. पण सगळ्यात जास्त खपते ती ‘हुर्राक’. आता हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, पाण्यासारखी नितळ असते हे गोव्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा त्या नावाची लोकर म्हणजे लुधियानाहून आली तशी, अजिबात न रंगवलेली. मी आयुष्यभर प्रायमर विकला, पण असा भाव मला कधी मिळाला नाही.

‘डिचोली’ नावाच्या लडीवर मात्र मी भांडलो. 2012 साली खाणी बंद व्हायच्या आधी या गावातून खनिजाचे ट्रक रांगेने जायचे, आणि वाटेवरची पांढरी भिंत बघता बघता गुलाबी व्हायची. आंब्याची पानंसुद्धा लाल. वाळत घातलेले लेंगे लाल. त्या धुळीपायी माणसं वैतागून विटकरी रंग लावून मोकळी व्हायची, आणि तो रंग मीच विकायचो. वहिनीने ती धूळ बसलेलं आंब्याचं पान लोकरीवर उतरवलं, हिरव्यावर तांबडं शिंपडून. म्हटलं, वहिनी, ही धूळ आम्ही फुकट खाल्ली. ‘म्हणूनच ती तुम्हाला दिसत नाही, भावजी,’ ती म्हणाली आणि माझे दोन्ही हात वर करून त्यांवर लड अडकवली.

हे एक राहिलंच. लडीवरून थेट विणता येत नाही, गुंता होतो. आधी गुंडा करावा लागतो. मोज्यांच्या बारीक लोकरीची शंभर ग्रॅमची लड सुमारे चारशे मीटर भरते. पुढारी आशीर्वाद देतात त्या पवित्र्यात मी काउंटरमागे उभा, वहिनी गुंडाळतेय, फोन वाजतोय, डिस्टेंपर मागायला आलेला माणूस आदराने चप्पल काढून आत येतोय. यासाठी छत्रीसारखी उघडणारी फिरकी मिळते. ती मागवलीय, असं मला केव्हाचं सांगण्यात येतं.

पावसाळ्यात वजनाचाही वाद होतो. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पिऊनही हाताला कोरडी लागते. म्हणजे जुलैतल्या शंभर ग्रॅममध्ये लोकर किती आणि आषाढ किती? वहिनी प्रामाणिक. बल्ब लावलेल्या कपाटात वाळवून मगच तराजूवर ठेवते. त्या कपाटात आधी माझी शेडकार्डं होती.

आणि मग ते शेवाळ. आमच्या कुंपणाची भिंत चिऱ्याची. चिरा पाणी पितो, श्रावणापर्यंत त्यावर हिरवं, काळपट, मधेच पोपटी असं शेवाळ चढतं. मी शेवाळ मारायचं औषध आणि त्यावर लावायचा बाहेरच्या भिंतीचा रंग विकून पोट भरतो. साहजिकच दरवर्षी चवथीआधी आमची भिंत पहिली घासली जायची. त्या वर्षी वहिनी ब्रश घेऊन आडवी आली. ‘हात लावू नका. अजून पिकतोय रंग.’ रंगाच्या दुकानदाराची भिंत चवथीत हिरवीगार! आरतीला आलेला प्रत्येक जण आधी भिंतीकडे बघे, मग माझ्याकडे. एकाने तर धंदा कसा चाललाय म्हणून खांद्यावर हात ठेवून विचारलं.

नाताळाआधी पर्वरीहून एक गृहस्थ दुकानात आले. नवा बंगला, चिऱ्याचं लांबलचक कुंपण; मोठी ऑर्डर. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांनी खिशातून एक धागा काढून काउंटरवर ठेवला. ‘मिसेसनी शाल विणलीय. कुंपणाला हाच रंग पाहिजे.’ मी धागा उजेडात धरला. बोटभर लांबीत हिरवा, काळपट, पोपटी. यंत्राला कुठला नंबर सांगू? तेवढ्यात आमचा रंगारी ब्रश न्यायला आला. त्याने धाग्याकडे निरखून पाहिलं.

‘हें आमी पावसा उपरांत खरवडून काडटात न्हय?’

गृहस्थांनी विचारलं, म्हणजे भिंत नुसती ठेवली तर हा रंग आपोआप येईल?

‘येतलो. फुकट येतलो.’

काउंटरखालून मी त्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर गृहस्थ उठले होते. डबा एकही नेला नाही. शालीला झालर लावायची म्हणून जाताना आणखी दोन लडी मात्र मागितल्या. वहिनीने आधीच बजावलं, रंग तंतोतंत जुळणार नाही. जुनी आणि नवी लड दोन-दोन ओळींनी आलटून पालटून घ्यायला सांगा. ते आनंदाने कबूल झाले. मी घासाघीस होईल या आशेने वाट पाहत होतो. त्यांनी भाव विचारलासुद्धा नाही.