फ्रेडी कुणाचा? घाटावरची खडाजंगी

वाईच्या गणपती घाटावर बसलं की पाचगणीचा विषय निघतो, आणि पाचगणी निघाली की कुणीतरी म्हणतंच, "क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपलाच की!" परवा म्हणाले ते मास्तर. इंग्रजीचे, निवृत्त. पण समोर वकील, सीए आणि जुना कॅसेटवाला असे तिघं बसलेले, त्यामुळं ते वाक्य काही सुखासुखी सुटलं नाही.

"आपला म्हणजे कसा, मास्तर? वसतिगृहात राहिला म्हणून?"

"नाव कुठं पडलं त्याचं? ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारला पारशी घरात जन्मला तेव्हा तो फारोख बुलसारा. फ्रेडी झाला तो पसरणीच्या घाटावर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पहिला बँड तिथलाच, द हेक्टिक्स, १९५८ चा. आणि आडनाव बघ. बुलसार म्हणजे आताचं वलसाड."

"आता ऐका," कॅसेटवाला म्हणाला. "शाळा इंग्रजी, पडलेलं नाव इंग्रजी, बँडचं नाव इंग्रजी, वाजवायचे तेही परदेशी रॉक अँड रोल. पाचगणीनं त्याला इंग्रज केला म्हणा हवं तर. मराठी कुठं केला?"

मास्तर जरा थांबले, तेवढ्यात वकिलानं जागा घेतली. पासपोर्ट, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असली कागदं हाच त्याचा धंदा.

"तुम्ही सगळे 'तो ब्रिटिश' असं गृहीत धरून बोलताय. मुळात झांझिबार ही वसाहत नव्हती. सुलतानाचं राज्य, १८९० पासून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली. केनियाच्या वसाहतीत जन्मलेलं पोर जन्मानंच ब्रिटिश प्रजाजन होई. संरक्षित राज्यात नुसतं जन्मून ते मिळत नसे, बाप कोण आणि कुठला ते बघावं लागे. बाप बोमी बुलसारा तिथल्या हायकोर्टात कॅशियर. म्हणजे पगार ब्रिटिशांचा, जमीन सुलतानाची, मूळ गुजरातचं. अशा घरात पोरगं 'कुठलं' हे एका शब्दात लिहिता येत नाही."

"मग इंग्लंडमध्ये घेतलं कसं?"

"वेळ साधली म्हणून. १० डिसेंबर १९६३ ला झांझिबार स्वतंत्र झालं, १२ जानेवारी १९६४ ला क्रांती झाली, सुलतान पळाला. एप्रिलमध्ये ते टांगानिकाशी जोडलं, त्याचंच पुढं टांझानिया झालं. म्हणजे जन्माचा देशच चार-पाच महिन्यांत तीनदा बदलला! बुलसारा कुटुंब १९६४ मध्येच लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोजवळच्या फेल्टमला गेलं. त्या वेळी १९६२ चा कायदा होता. ब्रिटनच्या सरकारनं दिलेला पासपोर्ट असला तर दार उघडं. मग केनियातले आपले लोक मोठ्या संख्येनं निघाले आणि मार्च १९६८ मध्ये ब्रिटिश संसदेनं तीन दिवसांत नवा कायदा केला. नुसता पासपोर्ट पुरेना. स्वतः, आईबापांपैकी किंवा आजाआजींपैकी कुणीतरी ब्रिटनमध्ये जन्मलेलं किंवा तिथं नागरिकत्व घेतलेलं हवं. बाकीच्यांना रांग. सुरुवातीला वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना परवाने. बुलसारांनी चार-पाच वर्षं 'बघू, बघू' केलं असतं तर पोरगं त्या रांगेत उभं राहिलं असतं."

"भारतात का नाही आले ते?" मास्तर अजून आशेवर होते.

"येता आलं असतं. आपल्या घटनेचं आठवं कलम वाचा. आईबाप किंवा आजाआजी यांपैकी कुणी फाळणीपूर्व भारतात जन्मलेलं असलं, तर परदेशात राहणाऱ्याला तिथल्या भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिक होता येत होतं. तो रस्ता सोडून त्यांनी लंडन गाठलं. आज फ्रेडी असता तर ओसीआय कार्डाला मात्र सहज बसला असता. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण पाचगणीला कितीही दिवस राहा."

इथवर सीए गप्प होता. त्याचा आक्षेप निराळा होता. "तुम्ही जन्म आणि पासपोर्ट धरून बसलाय. ब्रिटिश गायक देश सोडतात ते कराच्या हिशेबासाठी. १९७४ ते ७९ तिकडं कमाईवर कराचा सगळ्यात वरचा दर ८३ टक्के. व्याज-लाभांश असला तर १५ टक्के अधिभार धरून ९८. शंभरातले दोन रुपये हातात! रोलिंग स्टोन्स त्याआधीच, १९७१ ला फ्रान्सला गेले. क्वीननं १९७८ ची 'जॅझ' रेकॉर्ड केली ती स्वित्झर्लंडच्या माँत्रोत आणि दक्षिण फ्रान्समध्ये. पुढच्या वर्षी माँत्रोचा माउंटन स्टुडिओच विकत घेतला."

"म्हणजे फ्रेडी पुढं जर्मनीत म्युनिकला राहिला, तोही करापायीच?"

"तिथंच गंमत आहे. १९७९ ला थॅचरबाईंनी वरचा दर ६० वर आणला. आणि फ्रेडीचं म्युनिक सुरू होतं ते त्याच सुमाराला, पुढं १९८५ पर्यंत. नुसता कर हे कारण तिथं पुरत नाही. म्युझिकलँड स्टुडिओ, माक नावाचा निर्माता, रात्रीचं शहर आणि रस्त्यात मागं न लागणारी माणसं, हे धरावं लागतं. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' तिथल्या हॉटेलात आंघोळ करताना सुचलं म्हणतात."

"पण लंडनचं घर?"

"गार्डन लॉज, १९८० ला घेतलं. त्या काळच्या नियमात हाच खड्डा. लंडनमध्ये वापरायला तयार घर असलं आणि वर्षात एक रात्र जरी आलात, तरी करासाठी तुम्ही ब्रिटनचे रहिवासी. सूट फक्त ज्याचं पूर्णवेळ काम परदेशातच चालतं त्याला, आणि गाणारा माणूस लंडनमध्ये गायल्याशिवाय राहतो होय? घराची ही अट १९९३ ला गेली."

"आता काय आहे?"

सीएला हेच हवं होतं. "२०१३ पासून माणसाचे ब्रिटनशी असलेले धागे मोजतात. करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. १८३ दिवस झाले की विषय संपला, रहिवासी. त्याखाली असाल तर धागे: नवरा-बायको किंवा लहान मुलं तिकडं, वापरायला घर, ४० दिवस काम, मागच्या दोनांपैकी एका वर्षात ९० हून जास्त दिवस, आणि इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त रात्री तिकडं. नुकताच देश सोडलेल्याला १५ दिवसांपर्यंत माफ. ४५ दिवसांपर्यंत चार धागे लागले तर अडकला, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत दोन, त्यावर एकच पुरे. दिवस मोजायचा तो मध्यरात्री तिथं असलात तर. म्हणून ही मंडळी कार्यक्रम उरकून रात्री साडेअकराचं विमान पकडतात."

"झकास की मग!"

"झकास कसलं. रात्रीचा दिवस वाचला, पण त्या दिवशी तीन तासांवर काम झालं तर ते ४० मध्ये मोजलं जातं. तालीम, आवाजाची चाचणी, मुलाखत, सगळं कामच. पोरं फसतात ती इथं. आणि पाच वर्षं पुरी व्हायच्या आत परत आलात, तर बाहेर असताना विकलेल्या जुन्या मालमत्तेच्या नफ्यावरही परतल्यावर कर बसतो."

"हिशेबात माणूस कुठला ते कळलं," कॅसेटवाला म्हणाला, "गाण्यात बघा की. जपान्यांसाठी जपानी कडवं, १९७६. स्पॅनिश ओळी. १९८६ ला बुडापेस्टच्या स्टेडियममध्ये हातावर शब्द लिहून घेऊन हंगेरियन लोकगीत गायला. बार्सेलोनासाठी ऑपेरा गाणाऱ्या काबायेबाईंबरोबर अख्खी रेकॉर्ड. गुजराती? शून्य. मराठी, हिंदी? शून्य. आणि कृपा करून 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तलं 'बिस्मिल्ला' दाखवू नका. ते अरबी आहे, पारशांच्या धर्मग्रंथाशी, अवेस्ताशी त्याचा संबंध नाही."

"झांझिबारवाले तरी मानतात का?"

"निम्मे. २००६ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर त्याच्या साठाव्या वाढदिवसाची पार्टी ठरली होती, धार्मिक संघटनेनं विरोध केला, रद्द झाली. २०१९ ला त्याच गावात त्याचं संग्रहालय उघडलं. पर्यटक येतात ना."

वकिलानं मध्येच एक तिढा टाकला. ब्रिटनमध्ये राहून ब्रिटिश न ठरणाऱ्यांचा. "गायिका रीना सावायामा. जपानमध्ये जन्मली, लहानपणापासून लंडनला. २०२० ला तिचा अल्बम गाजला, पण ब्रिट आणि मर्क्युरी या तिकडच्या संगीत पुरस्कारांना ती बसेना. का? ब्रिटिश पासपोर्ट नाही. घ्यायचा तर जपानी सोडावा लागतो, जपान दोन ठेवू देत नाही. आपल्यासारखंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम बदलला. पाच वर्षांहून जास्त कायम वास्तव्य असलं तरी चालतं. पुण्याहून लंडनला जाऊन भारतीय पासपोर्ट जपून ठेवणाऱ्या पोरांनाही तोच नियम आता उपयोगी."

"मर्क्युरी पुरस्कार म्हणजे फ्रेडीच्या नावाचा ना?"

"टेलिफोन कंपनी होती ती, मास्तर." सगळे हसले. मास्तरही हसले, पण हटले नाहीत.

"बरं, डोमिसाइलचं काय? तो दाखला तरी द्या त्याला."

"आपल्या तहसीलदाराचा दाखला वेगळा, राहिलेली वर्षं मोजून मिळतो," वकील म्हणाला. "इंग्लंडच्या कायद्यात डोमिसाइल जन्मताच बापाकडून येतं आणि गोचिडासारखं चिकटतं. ग्लासगोचा एक माणूस ३६ वर्षं लिव्हरपूलला राहिला, परत गेला नाही, आईच्या अंत्यविधीलासुद्धा नाही. तरी १९३० मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं तो स्कॉटिशच ठरवला, आणि इंग्लंडमध्ये रद्द ठरलं असतं ते त्याचं मृत्युपत्र टिकलं."

"म्हणजे बापाकडून येतं?" मास्तर सावरून बसले. "मग ऐका. २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. २७ ला लंडनच्या दाहगृहात अंत्यविधी झाला, तिथं प्रार्थना कुणी म्हटल्या? मोबेदांनी, म्हणजे पारशी धर्मगुरूंनी. अवेस्तात."

"ते आईबापांसाठी," कॅसेटवाला म्हणाला.

"मग मी वेगळं काय म्हणतोय?"

"तुम्ही आपला म्हणताय, मास्तर. हा तर वलसाडचा निघाला."

"वलसाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं," मास्तर म्हणाले, आणि वकिलानं कपाळाला हात लावला.