ए लपेट!

उत्तरायणाला, म्हणजे गुजरातच्या संक्रांतीला, गच्चीवर न्यायच्या पदार्थाला एकच अट असते: तो एका हाताने खाता आला पाहिजे. दुसरा हात पतंगाच्या दोरीत गुंतलेला असतो आणि त्याच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या असतात. उंधियू या परीक्षेत दरवर्षी नापास होतं, पण ते वगळायची हिंमत अख्ख्या वडोदऱ्यात कुणात नाही. आमच्या सोसायटीत वासी उत्तरायणाला, म्हणजे 15 जानेवारीला, गच्चीवर प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. चिक्की, जलेबी, शेवउसळ हे सगळं आधीच वाटलं गेलं होतं. माझ्या वाट्याला आलं 'काहीतरी स्टार्टर'. दारूबंदीच्या राज्यात स्टार्टरने नक्की काय स्टार्ट होतं हे मला अजून कळलेलं नाही. सोबतीला असतो सोस्यो, हे इकडचं शीतपेय, आणि तो काही कशाची वाट बघत थांबत नाही.

टेक्सासात डॅलसला राहणाऱ्या भाचीने व्हॉइस मेसेज पाठवला. "मामी, टॉर्टिया रोल्स कर. एकदम ईझी! टॉर्टिया घ्यायची, क्रीम चीज फासायचं, गुंडाळायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, कापायचं. गॅससुद्धा पेटवायचा नाही." या शेवटच्या वाक्याला मी भुलले. सणाच्या दिवशी गॅस न पेटवता पदार्थ तयार होणार असेल तर माणूस डॅलसचंच काय, कुणाचंही ऐकेल. पण डॅलसमध्ये सोपेपणा दुकानात पाकीटबंद मिळतो. इथे तो घरी करावा लागतो, आणि तो करताना दोन दिवस जातात.

अलकापुरीतल्या एका महागड्या दुकानात टॉर्टिया मिळाल्या, पण मक्याच्या. मक्याची टॉर्टिया गुंडाळली की तडकते, कारण मक्यात गव्हासारखा चिकटपणाच नाही. मूळची मेक्सिकोतली टॉर्टिया मात्र मक्याचीच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, वाटायचा आणि थापायचा. गहू तिकडे गेला तो सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर. मग उत्तर मेक्सिकोत मैद्याची टॉर्टिया रुळली आणि तिथून टेक्सासात. म्हणजे भाचीचे रोल खास तिच्याच गल्लीतले. ही सगळी विद्वत्ता मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकवली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई दाहोदच्या. त्यांच्याकडे मक्याचा रोटला रोजचा. त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "मकाईनो रोटलो वळे? भांगी जाय!" सोळाव्या शतकाची गरजच पडली नाही.

"म्हणजे मैद्याची पोळी," सासूबाईंनी निकाल दिला. "ती विकत आणतात?"

सासूबाईंचं माहेर दांडिया बाजारातलं, गायकवाडांच्या आमदानीत इकडे आलेलं घर. सयाजीरावांनी 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याच सुमारास त्या घरात सुनांना सुरळीची वडीही सक्तीची झाली असावी असा माझा अंदाज आहे. त्यात आजवर कुणाला सूट मिळालेली नाही. मैदा, थोडी कणीक, मीठ, भरपूर तेल आणि कोमट पाणी. त्यांनी बघता बघता पातळ पोळ्या लाटल्या, कच्च्यापक्क्या भाजल्या आणि ओल्या फडक्यात दडपल्या. गॅस न पेटवण्याचा विषय तिथेच संपला.

क्रीम चीज मात्र मी आणायचं नाही असं ठरवलं. भाचीच्या हिशेबाने आठ औंसांची वडी, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, लागणार होती. त्या वडीची किंमत वाचल्यावर मला चक्का आठवला. वडोदऱ्यात राहून चक्क्याला पर्याय शोधायचा म्हणजे विश्वामित्री नदीच्या काठी राहून मगर बघायला परगावी जाणं. रात्री दही फडक्यात बांधून नळाला टांगलं. सकाळी उठून बघते तर फडकं धुऊन वाळत टाकलेलं. चक्का पातेल्यात होता, त्यात साखर, वेलदोडा आणि वर केशराच्या काड्या.

"अगं, सणाचा चक्का टांगलास आणि साखर घालायची विसरून झोपलीस. म्हटलं, दमली असशील."

हे वाक्य इतकं मायेचं होतं की रागावायलाही जागा उरली नाही. श्रीखंड उत्तम झालं होतं. दुसरा चक्का डेअरीतून आला आणि त्याच्या पिशवीवर मी मार्करने 'तिखट' असं लिहून ठेवलं.

सारणाची कथा निराळीच. कृतीत पातीचा कांदा होता, लसूण पावडर होती, किसलेलं गाजर होतं. आमच्या खालच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे. त्यांना वगळून गच्चीवर काही न्यायचं म्हणजे वर्षभर लिफ्टमध्ये खाली मान घालून उभं राहायचं. कांदा गेला, लसूण गेली. गाजर जमिनीखालचं, तेही गेलं. हॅलपिन्योच्या जागी भावनगरी मिरची आली. ती दिसायला दांडगी आणि स्वभावाने गरीब. उरलं काय, तर सिमला मिरची, मक्याचे दाणे, कोथिंबीर, जिरेपूड आणि काळी ऑलिव्हं. भाज्या टिपून कोरड्या करायच्या, नाहीतर चक्का पाणी सोडतो आणि पोळीचा लगदा होतो. एवढी एक गोष्ट भाचीच्या मेसेजमध्ये नव्हती. ती मला खंडेराव मार्केटमधून आणलेली, सकाळचं पाणी अजून झिरपत असलेली कोथिंबीर चिरतानाच समजली.

गुंडाळायला मी सुरुवात केली. माझा पहिला रोल मधे फुगलेला आणि दोन्हीकडून सारण डोकावणारा. सासूबाईंनी काही न बोलता मला कोपराने बाजूला केलं. पुढचा अर्धा तास मी नुसती बघत होते. चक्का कडेपर्यंत सारखा पसरला, पण पलीकडची बोटभर कड कोरी ठेवली. सारण अलीकडच्या बाजूला घातलं. पहिला वेढा अंगठ्यांनी इतका घट्ट दाबला की आत हवा शिरायला जागा नाही. मग दोन्ही तळहातांनी रोल पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे, आणि कोऱ्या कडेला चक्क्याचं एक बोट लावून बंद. भाचीने पाठवलेल्या व्हिडिओतली बाई हेच करत होती, फक्त ती मधे मधे हसून 'ट्रिक' सांगत होती. सासूबाईंनी आयुष्यभर अळूवडी, सुरळीची वडी आणि बाकरवडी केली आणि कुणालाही ट्रिक सांगितली नाही. त्यांच्या मते हात असलेल्या माणसाला ते येतंच.

दोन तास गार झाल्यावर कापायची वेळ आली. दातेरी सुरी आमच्याकडे एकच, ती ब्रेडची, आणि तिची मूठ गेलेली. "मांजाने कापूया," चिरंजीव म्हणाले.

"काच खायची आहे का?" सासूबाईंनी शिवणाच्या डब्यातलं साधं पांढरं रीळ काढलं. दोरा रोलखालून घ्यायचा, वर आणून फुलीसारखा ओलांडायचा आणि दोन्ही टोकं ओढायची. चकती अशी सुटते की आतला मक्याचा दाणाही हलत नाही. प्रत्येक चकतीला चिरंजीव "काइपो छे!", म्हणजे 'कापला!', म्हणून ओरडत होते. कृतीत लिहिलं होतं की रोलची दोन्ही टोकं ओबडधोबड असतात, ती काढून टाकावीत. टाकावीत! आमच्या घरात कोथिंबिरीच्या काड्या टाकायच्या तरी सासऱ्यांची परवानगी लागते. ते ताटली घेऊन ओट्याशी उभेच होते.

गच्चीवर ताट ठेवलं. समोरच्या फ्लॅटमधल्या मासींनी एक चकती उचलली, उलटसुलट करून पाहिली. "मेक्सिकन पात्रा?" पात्रा म्हणजे आपली अळूवडी. मी हो म्हटलं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी अर्धी खाल्ली आणि काळजीच्या सुरात विचारलं, "पण बेन, आ ठंडुं केम छे?"

गारच खातात, असं मी सांगेपर्यंत बाजूच्या गच्चीवरून पतंग कापल्याची "ए लपेट!" अशी आरोळी आली आणि सगळे कठड्याकडे धावले. वळून पाहते तर ताट आणि मासी दोघंही गायब. दहा मिनिटांनी परत आल्या तेव्हा ताटातून वाफ निघत होती. तेल, राई, तीळ, कढीलिंब, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. चक्का वितळून कडांनी बाहेर आला होता, निम्म्या चकत्या उलगडल्या होत्या, आणि एकही एका हाताने उचलता येत नव्हती. लोकांनी चक्क चमचे मागितले. पतंग खाली आले. उंधियू बाजूला राहिलं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तिसऱ्यांदा घेऊन झाल्यावर यात कांदा नाही ना, हे विचारलं.

मी एक तुकडा चाखला. वघारामुळे, म्हणजे फोडणीमुळे, चव सुधारली होती, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. डॅलसला फोटो पाठवला. भाचीने उलट विचारलं, "मामी, हे काय आहे?"

सासऱ्यांनी मात्र ताटाला हातही लावला नाही. "वघार वगैरे ठीक आहे," ते म्हणाले, "पण पुढच्या वर्षी मधलं काही करू नकोस. नुसती टोकं कर."