गाडी लागणे

मराठीत गाडी दोन प्रकारच्या माणसांना लागते. एक मागच्या सीटवर आवळा सुपारी चघळत, खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून बसलेला असतो. दुसरा स्टिअरिंगमागे असतो आणि त्याला ती जन्माची लागलेली असते. पहिल्यावर लिंबू, सुपारी, प्लॅस्टिकची पिशवी असे इलाज आहेत. दुसऱ्यावर आजवर इलाज नव्हता. आता शोरूमवाले म्हणतात, सापडला. रात्री प्लगला लावून ठेवायचा.

मी दुसऱ्या जमातीचा. ही जमात ओळखायला सोपी. मुक्काम आला की बाकीच्यांचे चेहरे खुलतात, आमचे पडतात. ‘घाटाला बोगदा होणार’ ही बातमी आम्ही निधनवार्तेसारखी वाचतो. आणि हल्ली मुंजीपासून तेराव्यापर्यंत कुठेही गेलं तरी आमच्या पानात पहिला घास पडायच्या आत प्रश्न पडतो: “तुम्ही तर गाडीतले दर्दी. इलेक्ट्रिक चालवायला मजा येते का हो?” हो म्हणावं तर इतकी वर्षं गिअरची स्तोत्रं गाणारे आपण फितूर ठरतो. नाही म्हणावं तर टांगा गेला म्हणून रडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून एकदाच सविस्तर सांगून टाकतो. जिलेबी येईपर्यंत होईल.

सुरुवात डाव्या पायापासून, कारण पहिला बळी त्याचा. साध्या गिअरच्या गाडीने घाट उतरताना तिसऱ्यातून दुसरा टाकायचा तर काम असं: क्लच दाबायचा, उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटरला हलकीशी टिचकी मारून इंजिनाचे फेरे वाढवायचे, गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. हे अर्ध्या-पाऊण सेकंदात जमलं तर गाडीला कळतही नाही. टिचकी विसरली तर नाक खाली जातं आणि मागच्या तिघांच्या माना नंदीबैलासारख्या डोलतात. याला आम्ही कला म्हणतो. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळात गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असायचा. तिथे ही कला म्हणजे जवळजवळ तबला होता.

इलेक्ट्रिकमध्ये यातलं काही नाही. मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण ताकद देते आणि दहा-बारा हजार फेऱ्यांपर्यंत आरामात फिरते, त्यामुळे एकच कायमचा गिअर पुरतो. मोजक्या गाड्यांना, उदाहरणार्थ पोर्शच्या टायकानला, मागच्या चाकांसाठी दोन गिअर दिलेत. तेही गाडी आपलं आपण टाकते, तुम्हाला विचारत नाही. डावा पाय आता जावयासारखा नुसता बसून असतो. पहिल्या आठवड्यात तो सवयीने क्लच शोधायला जातो आणि कधीकधी त्याला ब्रेक सापडतो. त्याला फूटरेस्टवर नीट टेकवून ठेवा. ही गंमत म्हणून सांगत नाही. क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबला तर मागचा टेम्पो डिकीत येतो.

पिकअपबद्दल भांडण संपलंय. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटाच्या पहिल्या इलेक्ट्रिक नेक्सॉनची चाकं फिरवायची ताकद, म्हणजे टॉर्क, २४५ न्यूटन-मीटर होती. तिच्या पेट्रोल बहिणीची १७०, आणि तीही १,७५० फेरे झाल्यावर. एसटीच्या मागे अडकलेल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ लगेच कळतो. पेट्रोलमध्ये ओव्हरटेक मारायचा म्हणजे गिअर खाली, टर्बो जागा व्हायची वाट, आणि तोवर समोरून दुसरी एसटी. इलेक्ट्रिकमध्ये पाय दाबला की काम झालेलं असतं. आणि ही वेगाची हौस काही कालची नाही. ताशी १०० किलोमीटरची वेस ओलांडणारी पहिली मोटार इलेक्ट्रिकच होती. १८९९ साली बेल्जियमच्या कामीय जेनात्झीने फ्रान्समध्ये तोफगोळ्यासारख्या दिसणाऱ्या गाडीत बसून ती ओलांडली. आपल्याकडे तेव्हा लोक बैलगाडीला वंगण घालत होते.

पण पिकअप म्हणजे मजा नव्हे. जत्रेतल्या पाळण्यातही पोटात गोळा येतो; म्हणून पाळणेवाल्याला कोणी पट्टीचा ड्रायव्हर म्हणत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो गोळा जुना होतो. शिवाय बॅटरी फार खाली घसरली की बऱ्याच गाड्या स्वतःहून ताकद आवरायला लागतात. काहींच्या डॅशबोर्डवर तर चक्क कासवाचं चित्र उमटतं. इतका स्पष्ट अपमान इंजिनाने कधी केला नव्हता.

आवाजाचं दुःख मात्र लोक समजतात तसं नाही. सायलेन्सरचं संगीत गेलं वगैरे ठीक आहे. पण आमचा वेगाचा अंदाज कानाने चालायचा. दुसऱ्या गिअरची तान एका पट्टीला पोचली की वळणाचा वेग कळायचा, काट्याकडे बघावं लागत नसे. ती तान गेल्यावर माणूस वळणात हमखास दहा-पंधराने जास्त शिरतो. उपाय साधा आहे: नवीन असताना प्रत्येक वळणाआधी आकडा बघायचा आणि मगच आत जायचं. दुसरं असं की इंजिनाचा आवाज हा एक पडदा होता. तो उठल्यावर टायरची घरघर, आरशावरचा वारा, डिकीतल्या डब्याचं झाकण हे सगळं ऐकू येतं. आणि मागच्या सीटवरून येणारं “जरा हळू” सुद्धा, प्रत्येक वेळी, स्पष्ट. “ऐकू आलं नाही” हे कारण इंजिनाबरोबर गेलं.

ह्युंदाईने या दुःखावर तोडगा काढलाय. २०२३ साली आलेल्या आयोनिक ५ एन या गाडीत नसलेले आठ गिअर आहेत. स्टिअरिंगमागचा पॅडल ओढला की संगणक मोटरची ताकद क्षणभर तोडतो, मुद्दाम धक्का देतो, स्पीकरमधून इंजिन ओरडतं. आणि गिअर टाकायला विसरलात तर आठ हजार खोट्या फेऱ्यांवर गाडी अडखळतेसुद्धा. चांगली चालणारी वस्तू मेहनतीने बिघडवायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, याला धाडस लागतं. बरं, चालवणारे लोक सांगतात की मजा येते. मला त्यात नवल वाटत नाही. आम्हाला गिअर नकोच होता, आम्हाला आमची गरज आहे असं कोणीतरी म्हणायला हवं होतं.

खरी तक्रार वजनाची आहे, आणि तिच्यावर स्पीकरचा इलाज चालत नाही. त्याच आयोनिकचं वजन सव्वादोन टनांच्या घरात. शौकिनांची लाडकी, दोन सीटची माझदा एमएक्स-५ एक टनाच्या आसपास. बॅटरी जमिनीलगत असल्याने गाडी वळणात कलत कमी, हे मान्य. पण कलली नाही म्हणून वजन जात नाही; टायर ते मुकाट्याने सोसतात आणि लवकर झिजतात. स्टिअरिंग निर्जीव आहे अशी ओरड होते तेव्हा मात्र मी इलेक्ट्रिकची बाजू घेतो. ते पाप विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचं, आणि पेट्रोल गाड्यांतही ते वर्षानुवर्षं चालू आहे.

आता घाट. दर्दीपणाची परीक्षा द्रुतगती मार्गावर नसते, ती महाबळेश्वर ते पोलादपूर आंबेनळी घाटात असते. परीक्षक मागच्या सीटवर बसतात. निकाल एकच: कुणाला गाडी लागली की नाही.

चढ आधी. अवघड वळणात वेग पंधरावर येतो. पेट्रोल गाडी दुसऱ्यात खडखडते, पहिल्यात किंचाळते. एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपले आपण टाकणारी गाडी, असेल तर ती वळणाच्या ऐन मध्यावर विचारात पडते, सरकारी फायलीसारखी. इलेक्ट्रिक नुसती चढते. उंचीवर हवा विरळ झाली की इंजिनाचा दम जातो, मोटरला हवाच लागत नाही. म्हणून अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगरावरच्या शर्यतीत, १५६ वळणं चढून ४,३०० मीटरवर, आठ मिनिटांच्या आत पहिल्यांदा पोचलेली गाडी विजेचीच होती: फोक्सवॅगनची आयडी.आर, २०१८, सात मिनिटं सत्तावन्न सेकंद. आंबेनळीत पावसाळ्यात मात्र स्पोर्ट मोडला हात लावू नका. पुढची चाकं चालवणारी गाडी असेल तर वळणात आतलं चाक हलकं होतं, तेवढ्यात सगळी ताकद एकदम येते आणि शेवाळ-मातीवर ते चाक जागीच गरगरतं. इको किंवा सिटी मोड ठेवा, स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की मगच पाय वाढवा.

मौज उतारात आहे, आणि लोक इथेच नापास होतात. पाय उचलला की मोटर जनित्र होते, गाडी मंदावते आणि बॅटरी भरते. याला रीजन म्हणतात. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पॅडलने त्याचा जोर कमी-जास्त करता येतो. नवशिका सगळ्यात वरचा जोर लावतो आणि जुन्या सवयीने पाय खटकन पूर्ण उचलतो. पेट्रोलमध्ये अशा वेळी इंजिन सावकाश रोखतं. इथे मात्र मागून कुणीतरी कॉलर धरल्यासारखं होतं. पुन्हा पाय दाबला की पुन्हा ढकललं जातं. ढकल, ओढ, ढकल, ओढ. पाचव्या वळणाला मागून विचारणा होते, “पिशवी कुठे ठेवली गं?” माणसाला वेग लागत नाही, वेगातला अचानक बदल लागतो.

जमवायचं कसं? एक, ताकदीच्या मीटरवर शून्य कुठे आहे ते उजव्या पायाने शिका. पाय थोडासाच दाबलेला असतो आणि गाडी ना ढकलते ना रोखते, अशी एक जागा असते. दोन, पाय उचलू नका, सोलत आणा. केळीचं साल काढतात तसा, वळणाच्या बऱ्याच आधीपासून. तीन, आधी मधला जोर ठेवा, हात बसला की वाढवा. चार, शेवटचं थांबणं ब्रेकवरच करा, कारण गाडी अगदी हळू झाली की रीजन विरतं आणि नेमक्या त्या क्षणी पेडलचा स्पर्श बदलतो. महिनाभरात कळतं की घाटाचा घाट ब्रेकला पाय न लावता उतरता येतो. मग एक नवीन रोग: ब्रेक वापरलेच जात नाहीत, आणि कोकणच्या पावसात डिस्कवर गंज चढतो. रस्ता मोकळा असताना रीजन शून्यावर आणून चार-पाच वेळा दणकून ब्रेक मारले की तो निघतो.

एक सापळा लक्षात ठेवा. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी शंभर टक्के बघून खूश होत जो निघतो, त्याला पहिल्याच वळणावर घाम फुटतो. भरलेल्या रांजणात पाणी ओतता येत नाही. बॅटरी भरलेली असली की रीजन जवळपास बंद असतं. काल जिथे पाय उचलून गाडी आवरत होती तिथे आज ती आवरत नाही. तेव्हा घाटमाथ्यावर ऐंशी-पंचाऐंशीवर प्लग काढा. लोभ धरलात तर पहिले काही किलोमीटर जुन्या पद्धतीने, ब्रेक जपत उतरा.

हिशेबही बघण्यासारखा आहे. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, पोलादपूर जवळजवळ तळाला. माणसं-बॅगांसकट सतराशे किलोची गाडी एवढी उतरते म्हणजे साडेपाच-सहा युनिटांची ऊर्जा मोकळी होते. चाळीस किलोमीटरचं घर्षण, वारा, एसी आणि यंत्राची दलाली वजा जाता दीड-दोन युनिटं पदरात पडतात. तीच गाडी वर चढवायला नऊ-दहा युनिटं लागली होती, हे विसरायचं. आमच्या आधीच्या पिढीने पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रल मारून उतरवले, ‘न्यूट्रलमध्ये गाडी चालवू नये’ या पाटीच्या समोरून. त्या चिकट हौसेला आता राजमान्यता मिळालीय, वर ब्रेकही तापत नाहीत.

सपाट रस्त्यावर हाच दर्दी कंजूष होतो, ते थोडक्यात सांगतो. ऐंशीवरून शंभरावर गेलं की वाऱ्याचा विरोध दीडपटीच्या वर जातो. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटर धरले तर त्या वेगाने अर्धा तास वाचतो. तो अर्धा तास साताऱ्यापुढच्या एखाद्या चार्जरवर नवीन अ‍ॅप उतरवण्यात, ओटीपीची वाट बघण्यात आणि चार्जरपुढे लावलेल्या डिझेल गाडीचा मालक शोधण्यात परत जातो. त्यात मजा नाही. असेल तर ती मला अजून सापडलेली नाही.

पण आंबेनळी उतरून गाडी पोलादपुरात शिरते. वर निघताना एकसष्ट टक्के, खाली पासष्ट. ब्रेक कोमट. पिशवी कोरी. उजव्या पायाने चाळीस किलोमीटर केलेली ही मीटरवरची कारागिरी कुणालातरी दाखवावी म्हणून मान वळवावी, तर मागे तिघंही तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले असतात.