खिडकीच्या पाकिटात पत्ता कट कसा करावा

तुमच्या ऑफिसात खिडकीची पाकिटं आली असतील तर अभिनंदन. पाकिटावर वेगळा पत्ता टाइप करा, चिठ्ठी डकवा, ही कटकट संपली. पत्राची घडी घालायची, आत सरकवायची, फ्लॅप चिकटवायचा. पत्रावरचाच पत्ता खिडकीतून दिसतो. आता तुमचं काम एवढंच उरलं, की तो दिसता कामा नये.

वाटतं तेवढं हे सोपं नाही. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं काढून मला जे एकदाही जमलं नाही, ते गेल्या महिन्यात एका पतसंस्थेने एकाच पाकिटात करून दाखवलं. त्यांच्यापासून शिकलेल्या चार गोष्टी होतकरू मंडळींसाठी लिहून ठेवते.

सुरुवात एंटरने करा. वर्डमध्ये पत्ता खाली आणायचा असेल तर एंटर मारत सुटायचं, स्क्रीनवर बरं दिसेल तिथे थांबायचं. उजवीकडे न्यायचा तर स्पेसबारवर अंगठा ठेवून चहाचा घोट घ्यायचा. पत्त्याला टेक्स्ट बॉक्समध्ये घालून 'पानाच्या वरच्या कडेपासून अमुक सेंटिमीटर' अशी जागा कायमची ठरवून देता येते म्हणे. पण मग तो जागचा हलतच नाही. असल्या पत्त्याचा काय उपयोग?

ओळींमधल्या अंतराला हात लावू नका. वर्ड २००७ पासून ती सोय आयतीच आहे. एंटर मारला की वर्डला वाटतं परिच्छेद संपला, आणि तो खाली १० पॉइंटांची मोकळी जागा सोडतो. पुढच्या आवृत्त्यांत ती ८ पॉइंटांची झाली. पाच ओळींचा पत्ता अशाने लोकलच्या रांगेसारखा लांबतो. मराठी पत्र मंगल फाँटात असेल तर विचारूच नका, त्याची ओळ मुळातच उंच. शिफ्ट धरून एंटर मारला तर ओळी एकमेकींना चिकटून राहतात, पण हे आपल्यातच राहू द्या.

छापताना 'फिट टू पेज'वरची, म्हणजे पान आकसून कागदात बसवणारी, खूण काढू नका. उरलासुरला मिलिमीटर त्यात जातो.

मेल मर्जमध्ये, म्हणजे यादीतले पत्ते एकेका पत्रात आपोआप भरताना, इमारतीचं नाव नसलेल्यांसाठी रिकामी ओळ तशीच ठेवा. रिकाम्या ओळीलाही खिडकीतून बाहेर बघावंसं वाटतं.

पिनकोडबद्दल थोडं बोलायला हवं. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. आपलाच माणूस, कोकणातला, आणि संस्कृत कवी. सहा आकड्यांत त्यांनी अख्खा देश बसवला. पहिले तीन ४०० म्हणजे मुंबई, पुढचे तीन म्हणजे तुमचं पोस्ट. आमचं पार्लं पूर्व ४०००५७, पश्चिम ४०००५६. शेवटचा आकडा खिडकीच्या चौकटीआड ढकला, की पत्र रूळ ओलांडून फिरून येतं. सहा आकड्यांना वृत्तात बसवणाऱ्या कवीला एवढा मान द्यायलाच हवा.

आता पाकीट कोणतं घ्यावं. १९०२ साली शिकागोच्या अमेरिकस कॅलहन नावाच्या गृहस्थांनी खिडकीच्या पाकिटाचं पेटंट घेतलं. खिडकी असली की पत्ता दोनदा लिहावा लागत नाही, आणि एकाचं पत्र दुसऱ्याच्या पाकिटात जात नाही. भला माणूस. दहा बाय साडेचारची पाकिटं घाऊक स्वस्त मिळतात म्हणून उचलून आणणारा परचेसवाला त्याला ठाऊक नव्हता. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब. तीन सारखे भाग केले की एक भाग ९९चा. त्यासाठी जगभर डीएल नावाचं पाकीट असतं, २२० बाय ११०. पत्र आत गेल्यावर वर-खाली ११ मिलिमीटर आणि आडवं १० मिलिमीटर जागा उरते. दहा बाय साडेचार इंच म्हणजे २५४ बाय ११४. तिथे पत्राला वर-खाली १५ आणि आडवी ४४ मिलिमीटर मोकळीक. मुंबईत माणसाला स्वयंपाकघरात वळायला जागा नाही आणि कर्जखात्याच्या पत्राला प्रशस्त दिवाणखाना!

हे आकडे मला तोंडपाठ असायचं काही कारण नव्हतं. पण झालं ते असं.

गुरुवारी दुपारी पोस्टमन वॉचमनच्या टेबलावर एक पाकीट ठेवून गेला. खिडकीत आमच्या सोसायटीचं नाव होतं, 'विलेपार्ले (पूर्व)' होतं, पिन होता. माणसाचं नाव आणि फ्लॅट नंबर मात्र वर सरकून कागदाआड गेले होते. त्यांनी रिकामी केलेली जागा खालच्या ओळीने घेतली होती. ठळक, शिवाय अधोरेखित:

'विषय : गृहकर्ज खात्यावरील थकबाकी'

बास. पुढचं चौकटीच्या पलीकडे.

आमच्याकडे अठ्ठावीस बिऱ्हाडं. वॉचमनने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पाकीट दाखवलं. प्रत्येकाने ते हातात घेतलं, वाचलं, आणि निखारा हातात आल्यासारखं खाली ठेवून सांगितलं, "आमचं नाही बाबा." भाजी घेऊन येताना त्याने मलाही दाखवलं. मी चष्मा लावून वाचलं आणि चांगलं मोठ्याने म्हटलं, "आमचं नाही रे. आमचं कर्ज कधीच फिटलं." तेव्हा लिफ्टपाशी तिघं-चौघं उभे होते.

दोन दिवस पाकीट टेबलावर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सुचवलं, हलवून बघा, नाव येईल. मग जो तो हलवून बघायला लागला. खुळखुळाच झाला त्याचा. सेक्रेटरींनी आडवं हलवलं तेव्हा थकबाकी गेली, नुसतं 'गृहकर्ज खात्यावरील' उरलं. परत हलवलं, थकबाकी परत आली. मुलांना हा खेळ फार आवडला.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी पाकीट उभं धरून त्याची खालची कड टेबलावर दोनदा आपटली, आणि माझं नाव सावकाश खाली उतरलं. पूर्ण नाव, फ्लॅट नंबरासकट. त्या स्वतः पाकीट घेऊन वर आल्या. दार लोटून घेतलं. आवाज बारीक करून म्हणाल्या, "काकू, काही लागलं तर हक्काने सांगा हं."

त्या गेल्यावर पाकीट फोडलं. 'विषय : गृहकर्ज खात्यावरील थकबाकी शिल्लक नसल्याचा दाखला.'

'शिल्लक नसल्याचा' हे दोन शब्द खिडकीच्या उजव्या बाजूला, कागदाआड, सुखरूप होते.

तर, विषयाची ओळ अशीच लिहा. कामाचा शब्द डावीकडे, 'नाही' उजवीकडे. आणि ती पत्त्याच्या लगेच खाली घ्या, म्हणजे पत्र जरा वर सरकलं की ती चढून खिडकीत बसते. मधे तारीख, संदर्भ क्रमांक, दोन बोटं मोकळी जागा असलं काही ठेवू नका. ठळक करायला विसरू नका. वॉचमनला चाळिशी लागलेली असते.

आणखी एक करामत लेटरहेडची. मी ते पत्र उलगडून टेबलावर ठेवलं आणि शिवणाच्या डब्यातली फुटपट्टी काढली. वर संस्थेचं बोधचिन्ह. त्याच्या शेजारी अमृतमहोत्सवी वर्षाचं बोधचिन्ह. त्याखाली ब्रीदवाक्य, नोंदणी क्रमांक, मुख्य कार्यालयाचा पत्ता, तीन फोन, ईमेल, वेबसाइट आणि एक कमळाची वेलबुट्टी. हे सगळं हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या राखीव पट्टीत. वर्डमध्ये हेडर फुगला की खालचा मजकूर आपोआप खाली ढकलला जातो, विचारतसुद्धा नाही. म्हणजे पंच्याहत्तर वर्षं झाल्याच्या आनंदात कोणीतरी एक गोल चित्र डकवलं, आणि त्या दिवसापासून गावभरच्या सभासदांचे पत्ते खाली गेले. कोणाच्या लक्षात आलं? कोणाच्याच. कारण घडी घालणारा वेगळा, छापणारा वेगळा, चित्र डकवणारा वेगळा, आणि पाकीट बंद केल्यावर ते हातात धरून एकदा खिडकीत बघणारा कोणीच नाही. आमच्याकडे टाइपिस्ट बाई पत्र मशीनमधून काढून घडी घालून बघायच्या, तेही पत्ता पाकिटावर वेगळा टाइप होत असताना. जुनी पाकिटं उलटीपालटी करून, त्यांवर चिठ्ठ्या डकवून आम्ही वापरायचो. दिसायला भिकार. पण चार वाजता शिपाई गठ्ठा घेऊन जीपीओच्या घुमटाखाली जायचा तेव्हा प्रत्येक पाकिटावर माणसाचं नाव असायचं. आणि ते हललं तर पाकिटासकट हलायचं!

मी फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. "मॅडम, ते सिस्टिममधून तसंच येतं."

सिस्टिममधून. अरे, सिस्टिम म्हणजे कोण? सिस्टिमने ते चित्र डकवलं? सिस्टिम घाऊक बाजारात जाऊन कागदापेक्षा चव्वेचाळीस मिलिमीटर मोठं पाकीट घेऊन आली? म्हटलं, बाळा, तुझ्यासमोर पाकीट आहे का? आहे म्हणाला. कोरं पत्र घडी घालून आत टाक आणि हलव. खालीवर हलव. काय दिसतं? थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "मॅडम, मी वर कळवतो."

वर काय कळवतोस? खाली बघ. फुटपट्टी घे. तुमच्याच पाकिटाची खिडकी मी मोजली आहे. ९० बाय ३५ मिलिमीटर, डाव्या कडेपासून २०, खालच्या कडेपासून १८. हीच खिडकी डीएल पाकिटाला असली, तर पत्र आत कसंही सरकलं तरी कागदाचा जो तुकडा कायम खिडकीत राहतो तो मोजून काढता येतो. वरच्या कडेपासून ५७ ते ८१ मिलिमीटर, डावीकडून २० ते १००. चोवीस मिलिमीटर उंची. फाँट मंगलसारखा उंच नसेल तर बारा पॉइंटांच्या चार ओळी आरामात बसतात. पत्ता तिथे बॉक्समध्ये पक्का करा, वरचं हेडर कितीही फुगू दे. पाचवी ओळ लागत असेल तर फाँट एक पॉइंट कमी करा, कोणी रागावणार नाही. दुसरं पाकीट आणलंत तर परत मोजा. जर्मनीत तर ह्याचं मानकच आहे, डीआयएन ५००८. पत्त्याची जागा ८५ बाय ४५ मिलिमीटर, डावीकडून २०, आणि पहिली घडी ८७ की १०५ मिलिमीटरवर घालायची त्याची बारीक रेघ कागदाच्या डाव्या कडेला छापलेली असते. म्हणजे घडी घालणाऱ्याला अक्कल वापरावी लागत नाही. तुम्हाला रेघही नको आणि अक्कलही नको, असं कसं चालेल?

आणि लोकांची पैशांची पत्रं आहेत ही, लग्नाच्या पत्रिका नव्हेत. विषयाची ओळ खिडकीपासून लांब ठेवायला काय पैसे पडतात? कोणाच्या औषधपाण्याचं बिल असेल, कोणाच्या नोकरीचं असेल, ते जिन्यात उभं राहून सगळ्यांनी वाचायचं? एक पाकीट भरून, हलवून, उलटं धरून बघायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा नाही ना तुमच्याकडे? मग बंद करा ती खिडकी आणि हाताने पत्ता लिहा. लाज वाटायला हवी.

वीस वर्षं हप्ता भरला मी. नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा चुकवला नाही. मार्चमध्ये शेवटचा भरला तेव्हा ठरवलं होतं, दाखला हातात आला की सगळ्या बिऱ्हाडांना पेढे वाटायचे. अठ्ठावीस घरं, दीड किलो, हिशेबही करून ठेवला होता.

वाटले नाहीत. वाटले असते तर लिफ्टपाशी म्हणाले असते, तडजोड झाली वाटतं.