नखावरचा ठिपका आणि कॅल्शियमची गोळी

सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड, ह्यावेळी आत्याकडून. "नखं, कातडी, तोंड बघा, लॅबचा खर्च वाचवा." आत्याला फोनवर सांगितलंच, पण बाकी ग्रुपसाठी एकेक मुद्दा घेतो.

"नखावर पांढरा ठिपका म्हणजे कॅल्शियम कमी." अहो, नख केराटिनचं असतं, केसांसारखंच, त्यात कॅल्शियम अगदी नावाला. ठिपका बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीकशा माराने येतो, दारात बोट आलं, टेबलावर बोटं वाजवायची सवय, पार्लरमध्ये क्युटिकल मागे ढकललं. आपल्याला तो मार आठवत नाही कारण हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं, म्हणजे आज मधोमध दिसणारा ठिपका दोनेक महिन्यांपूर्वीचा. मग लोक गोळी सुरू करतात, नख वाढतं, ठिपका पुढे पुढे सरकत एक दिवस नेलकटरखाली जातो आणि गोळी लागू पडली म्हणून आणखी चार जणांना सांगितलं जातं.

"चंद्रकोर दिसत नाही म्हणजे थायरॉइड." म्हणजे नखाच्या मुळाशी असते ती पांढरी अर्धगोल कोर. अंगठ्याला दिसते, करंगळीला बऱ्याच जणांना दिसतच नाही, कातडीखाली झाकलेली असते. थायरॉइडची शंका असेल तर टीएसएच ही रक्ताची तपासणी करा ना.

"उभ्या रेघा म्हणजे किडनी." वय झालं की येतात, सुरकुत्यांसारख्या. आडवी खाच मात्र वेगळी, बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४६ मध्ये लिहून ठेवलेली. मोठा ताप किंवा किमो झाली की नख काही दिवस वाढायचं थांबतं आणि त्याची खूण राहते, बऱ्याच बोटांवर एकाच पातळीला. ही फॉरवर्डमध्ये नाहीच! चमच्यासारखं खोलगट झालेलं नख, ज्यात शरीरात खरंच लोह कमी असू शकतं, तेही नाही. आणि काळी रेघ? आपल्या सावळ्या लोकांना तशा फिकट रेघा बऱ्याच बोटांवर असतात, पण एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत चाललेली, किंवा काळेपणा बाजूच्या कातडीवर उतरलेला असेल तर स्किनवाल्याकडे जा. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या नखाखालचा मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, १९७७ मध्ये सापडला, १९८१ मध्ये तो गेला, वय ३६.

"पांढरा डाग म्हणजे कोड." प्रत्येक नाही. मुलांच्या गालावरचे फिकट खरखरीत डाग बहुधा कोरड्या कातडीचे (आणि घरोघरी त्यावर जंताचं औषध पाजतात). पाठीवर भुसा सुटणारी शिबं ही बुरशी. कोड दुधासारखं पांढरं, स्पर्श कळतो, लागण होत नाही. डाग फिकट किंवा लालसर असून तिथे स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी हवी, सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, ६ ते १२ महिन्यांचा कोर्स.

"मान काळी म्हणजे मळ, लिंबू घासा." हा मुद्दा वाचून खरं डोकं फिरलं. जाडसर, मखमलीसारखी काळी मान घासून निघत नाही, उलट सोलवटते. ती बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, वजन वाढलेल्या मुलांमध्येसुद्धा, म्हणजे तिथे साखर तपासायची आणि हे सांगतायत लिंबू.

"तोंड आलं म्हणजे उष्णता, गुलकंद खा." साधं तोंड येणं आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत बरं होतं. त्यापुढेही न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा चट्टा, तिखट लागलं की आग आणि तोंड कमी कमी उघडायला लागणं, ह्याला गुलकंद नाही, डॉक्टर. "मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी" असं म्हणणाऱ्यांनी तर आजच आरशासमोर आपली तीन बोटं उभी दातांच्या मधे जातात का बघा, कारण तोंड आखडण्यामागे मुख्य हात सुपारीचाच असतो.

आतोबांनाही बघायला सांगितलंय. ब्लू टिक आलीये, रिप्लाय नाही.