जुनं डांबर, नवं बिल

खरवडलेल्या रस्त्याचा माल नव्या रस्त्यात वापरायला आता कोणाची आडकाठी नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचं २०१५ सालचं आयआरसी १२० हे नियमांचं पुस्तक त्यासाठीच आहे. तेव्हा पर्यावरणाचा झेंडा खांद्यावर घ्या आणि लागा कामाला. पुस्तक मात्र उघडू नका, आत अटी आहेत.

रस्ता खरवडणाऱ्या मिलिंग मशिनमधून निघालेला माल डांबर-खडी मिसळणाऱ्या प्लांटमागे उघड्यावर ओता. पाच रस्त्यांचा माल एकाच ढिगात गेला की कुठल्यात किती डांबर, हा वादच मिटतो. पावसात भिजला तर भिजू दे. मिसळताना नवी खडी भरपूर तापवा. ढिगातलं पाणीही उडेल आणि उरलंसुरलं डांबरही करपेल. निळा धूर दिसला तर प्लांट जोरात चाललाय म्हणून सांगा.

आता हिशेब. जुन्या मालातलं सगळं डांबर वितळून नव्यात एकजीव होतं, असं कागदावर धरा आणि तेवढं नवं डांबर कापा. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं जुन्या खडीला तसंच चिकटून बसतं. पण खडी काही तक्रार करत नाही. कडक डांबराला मऊ करणारं रिजुव्हेनेटर महाग पडतं. ते बिलात घाला, मालात नको.

खरी गंमत मार्शल चाचणीत आहे. ६० अंशांच्या पाण्यातून काढलेला नमुना दाबून फोडतात, ९ किलोन्यूटन सोसला की पास. वर्षानुवर्षं उन्हात ऑक्सिडेशन होऊन जुनं डांबर इतकं कडक झालेलं असतं की नमुना हा आकडा हसत ओलांडतो. साहेब खूश! चाकोऱ्याही कमी पडतात, हे अगदी खरं आहे. म्हणून अहवालात हेच दोन मुद्दे ठळक छापा. शेजारच्या रकान्यात फ्लो असतो, म्हणजे फुटेपर्यंत नमुना किती दबला ते; तो २ ते ४ मिलिमीटर हवा. तो घसरला म्हणजे मिश्रण ठिसूळ झालंय, पण त्या रकान्याकडे बघतो कोण? भिजवलेल्या नमुन्याची ताणशक्ती कोरड्याच्या ८० टक्के तरी राहिली पाहिजे, असंही एक खूळ आहे. ती परीक्षा पावसाळा फुकट घेतो. मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसू लागल्या की ओव्हरलोड ट्रकवाल्यांच्या नावानं खडे फोडा.

एखादी नुकतीच पास झालेली इंजिनिअर पोरगी साइटवर येऊन विचारेल, “सर, फटीग टेस्ट केलीत का? पुन्हापुन्हा भार देऊन भेगा कधी पडतात, ते बघितलंत का?” तिला चहा पाजा आणि रोलरच्या फेऱ्या मोजायला बसवा. ती खरंच मोजेल, एवढाच धोका.