‘कोकणात जाड ऑइलच टाका’ म्हणणाऱ्यांना

कोकणातल्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० ही पातळ ऑइलं बर्फाच्या देशांसाठी केलेली, आपल्याकडे उकाडा, दमट हवा आणि घाट, तेव्हा डोळे मिटून २०डब्ल्यू-५० टाका, जाड ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण, कंपन्या फक्त अ‍ॅव्हरेजच्या आकड्यापायी पातळ ऑइल गळ्यात मारतात, आणि ऑइल काळं दिसलं की लगेच बदला. मेसेज तद्दन खोटा असता तर सोडून दिला असता. त्यात थोडं खरं मिसळलंय, म्हणूनच तो पटतो.

‘०डब्ल्यू म्हणजे बर्फातलं ऑइल.’ ०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. रत्नागिरीत यातलं काहीच लागत नाही, कबूल. पण गरम इंजिनात ऑइल किती पातळ असेल ते पहिला आकडा सांगतच नाही. ते सांगतो दुसरा आकडा, आणि तो १०० अंशांना मोजतात. ०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं तिथे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं माप) या एकाच पट्ट्यात बसतात. आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेली नाही. सकाळी पंचवीस अंशांत उभ्या असलेल्या गाडीतलं ‘पाण्यासारखं’ ०डब्ल्यू-२०सुद्धा तापलेल्या इंजिनातल्या ५० ग्रेडच्या ऑइलपेक्षा कितीतरी घट्ट असतं. ऑइलच्या लेखी आपली सकाळ थंडच. त्या वेळी चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, २०डब्ल्यू-५० असेल तर ते काकवीसारखं हलतं, आणि सेल्फ मारल्यावर वरच्या भागांपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. इंजिनाची बरीचशी झीज होते ती याच वेळी.

‘बाहेर गरम, म्हणून आत जाड.’ इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. इंजिन तापलं की कूलंट साधारण नव्वद अंशांच्या आसपास राहतं, मग गाडी मालवणात असो वा महाबळेश्वरात. आणि उन्हावरूनच ग्रेड ठरवायची म्हटली तर समुद्राच्या कृपेने तिशी-पस्तिशीत राहणाऱ्या आपल्या किनाऱ्याला चंद्रपूरपेक्षा पातळ ऑइल लागायला हवं! तिथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो.

घाटाचा मुद्दा मात्र अर्धा खरा. गणपतीला सगळं बिऱ्हाड आणि टपावर सामान घेऊन, एसी चालू ठेवून कुंभार्ली किंवा आंबोली चढताना ऑइल नेहमीपेक्षा जास्त तापतं. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. तुमचं जाणं-येणं असंच भरल्या गाडीने घाटातून असेल तर त्यातली वरची ग्रेड खुशाल घ्या. पण एकच ग्रेड दिली असेल तर तीच. ती ठरवताना भारतातले घाट कंपनीला माहीत नव्हते असं थोडंच आहे?

‘जाड म्हणजे संरक्षण.’ ही समजूत अ‍ॅम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात गॅरेजात घडली, आणि त्या इंजिनांपुरती ती ठीकही होती. आजच्या इंजिनात बेअरिंगमधली फट बारीक, ऑइलच्या वाटा अरुंद. जाड ऑइलने प्रेशर वाढलेलं दिसतं, पण ते पुरवठा वाढल्यामुळे नव्हे, वाट अडल्यामुळे. प्रेशर फार वाढलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढं ऑइल बेअरिंगकडे न जाता माघारी फिरतं. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावरच चालते. भलत्या जाडीने ती मंदावते. कंपन्या अ‍ॅव्हरेजसाठी पातळ ऑइल देतात, हा आरोप खराच आहे. फक्त इंजिनही त्याच ऑइलचा हिशेब धरून बांधलेलं असतं, हे मेसेज सांगत नाही. झिजलेलं, ऑइल खाणारं जुनं इंजिन असेल तर एक पायरी जाड ऑइल टाकून थोडे दिवस निभतात. तो दुखण्यावरचा उतारा झाला, सगळ्यांनी पाळायचं पथ्य नव्हे.

मेसेजमध्ये खरं नुकसान करणारी गोष्ट आहे ती न लिहिलेली. ग्रेड म्हणजे नुसती जाडी. ऑइल कशाचं बनलंय ते डब्यावरचं स्पेसिफिकेशन सांगतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांना काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर सर्रास बसू लागला. त्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं, डब्यावर सी२, सी३ असं काही लिहिलेलं. साध्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साठत जाते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही. त्यात गाडी फक्त घर ते बाजार फिरत असेल तर फिल्टरची सफाई अर्धवट राहते आणि काजळी जाळण्यासाठी जादा फवारलेलं डिझेल चेंबरात उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, गॅरेज गाठा.

काळ्या रंगाचं एवढं मनावर घेऊ नका. डिझेलमध्ये नवं ऑइल काही दिवसांतच काळं पडतं. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून, आणि गाडी नेहमी जवळच्या जवळच फिरत असेल तर मुदतीच्या आधीच.

दमट हवेचंही तसंच. पावसात ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय धरते, ती मुख्यतः इंधन जळून होणाऱ्या पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. लांबचा एक फेरा मारला की ती बहुतेक निघून जाते. जाड ऑइलने तिच्यात काही फरक पडत नाही. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाच्या चहासारखं दिसत असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर मात्र गाडी चालवू नका. आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात शिरलं तसं पुराचं पाणी गाडीत शिरलं, तर सेल्फ अजिबात मारायचा नाही. गाडी ओढून न्यायची आणि आधी चेंबर रिकामं करायचं.